तोरणमाळचं महाबळेश्वर करू नका

महाशिवरात्र तोंडावर आली की तोरणमाळची बातमी ठरलेली: गोरखनाथाची यात्रा, तीन राज्यांतले भाविक, घाटात अडकलेल्या गाड्या. शेवटी ‘खानदेशचं महाबळेश्वर’ हे शेपूट असतंच. ११४३ मीटर उंची, यशवंत तलाव, सीताखाई हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्यापेक्षा हे पठार उभं कशाच्या मधे आहे, ते पाहू.

सातपुड्याच्या या रांगेच्या उत्तर उतारावरचं पाणी नर्मदेला जातं, दक्षिणेचं तापीला. दोन्ही नद्या पश्चिमवाहिनी, दोन्ही शेवटी खंभातच्या आखातात. खालच्या तापीकाठावर प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा थेट ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे खालच्या सुपीक काळ्या जमिनीवरची वस्ती फार जुनी. राज्यं तिथेच झाली, आणि वर डोंगरात भिल्ल-पावरा आदिवासी, अशी विभागणी. त्याहून जुनं काही बघायचं, तर धुळ्याहून नंदुरबारकडे येताना शेतांच्या मधूनच काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती आडव्या जाताना दिसतात. कुणा राजाने बांधल्यासारख्या वाटतात, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा भेगांत थिजून त्या तयार झाल्या आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजल्यावर उघड्या पडल्या. इथला सर्वांत जुना तट तोच!

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण डोंगर काही गेला नाही. भिल्ल ऐकेनात म्हटल्यावर १८२५ साली जेम्स आउटरॅम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. बंदूक, पगार आणि गणवेश देऊन डोंगरच डोंगरावर सोडला. ही युक्ती चालली, आणि पुढे सरकार नावाची गोष्ट अक्राणीच्या, म्हणजे तोरणमाळच्याच तालुक्यातल्या, माणसाला बहुधा खालून चढून येणारी म्हणूनच भेटत राहिली.

अपवाद एकच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी उत्तरेकडून आलं. नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीवरून जेमतेम ५४ किलोमीटर वाहते, पण तेवढ्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं धरणाच्या कचाट्यात सापडली. आता त्या फुगवट्याचे फोटो बघून कुणी ‘आपला नॉर्वे’ म्हणालं तर नवल नाही. फरक इतकाच की नॉर्वेतल्या फियॉर्डच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या आणि मग त्यांत समुद्र शिरला. इथे माणसं नांदत असलेल्या दऱ्यांत धरण शिरलं.

तोरणमाळ ज्यात येतं तो नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला. २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. २०१८ मध्ये जिल्हा ‘आकांक्षित’, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या, सरकारी यादीत आला. मान पहिला, रांगेत मात्र मागे. पाड्यावरच्या बाळंतिणीला आजही बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या छापून येतात, आणि त्याच पानावर तलावात नव्या बोटी सोडण्याची घोषणा असते.

पर्यटनाला माझा विरोध नाही. पण अक्राणीचा खरा हंगाम पर्यटकांच्या गावीही नसतो. तो कैरीचा. उन्हाळ्यात पावरा बायका गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवतात, एकेक साल काढतात, फोडी करतात आणि उन्हात पसरतात. वळवाची एक सर आली की फोडी काळ्या पडतात आणि भाव उतरतो. पांढऱ्या राहिल्या तर ठीक. मग त्यांची आमचूर तालुक्याच्या गावी, धडगावच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून कुठल्या कुठे. हॉटेलातल्या छोल्यांवर भुरभुरताना ती कैरी कुणी सोलली हे कोण विचारतो? कैरी टिकेल असं गोदाम, सोललेल्या फोडी झाकायला ताडपत्री आणि बाजारापर्यंत धड रस्ता एवढं झालं, तर या डोंगरातल्या घराला त्याचा उपयोग रिसॉर्टमधल्या चार नोकऱ्यांपेक्षा जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा तोरणमाळच्या विकासाचा पुढचा आराखडा मांडणाऱ्यांना विनंती: आधी दवाखान्याचा रस्ता, मग गोदाम, आणि पैसे उरलेच तर बोटी.