ग्रामीण बाप्टिस्टांची वार्षिक संघसभा

ज्या धर्मपंथात बिशप नाही, सरकारी तनखा नाही आणि एका गावच्या मंडळीवर दुसऱ्या गावच्या मंडळीचा हुकूम चालत नाही, त्या पंथातील दूरदूर विखुरलेल्या शेतकऱ्यांना परस्परांशी बांधून ठेवले कशाने, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास वाचताना पदोपदी पडतो. त्याचे उत्तर एका साध्या संस्थेत आहे. जवळपासच्या जिल्ह्यांतील बाप्टिस्ट मंडळ्या आपला एक संघ स्थापन करीत आणि वर्षातून एकदा त्या संघाची सभा भरवीत. १७०७ मध्ये फिलाडेल्फियास सुरू झालेली ही प्रथा १७५८ मध्ये उत्तर कॅरोलायनातील सँडी क्रीक येथे आणि १७६९ मध्ये त्याच प्रांताच्या पूर्व भागात केहुकी येथे रुजली. आणि पुढे वसाहती जसजशा पश्चिमेकडे सरकत गेल्या, तसतसे केंटकीपासून जॉर्जियापर्यंत असे संघ सर्वत्र उभे राहिले.

सभा बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात, शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळाली की भरे. ती एकाच गावी न भरता दरवर्षी निरनिराळ्या मंडळीकडे जाई. आणि ज्या मंडळीकडे तिचा मान येई, तिच्या आसपासच्या घरांतून प्रतिनिधींची, त्यांच्या घोड्यांची आणि सहकुटुंब आलेल्या श्रोत्यांची तीन-चार दिवस सोय होई. ओंडक्यांचे लहानसे प्रार्थनागृह एवढ्या जनसमुदायास कोठून पुरणार? म्हणून आत कामकाज चाले आणि बाहेर झाडांच्या सावलीत फळ्यांचा मंच उभारून उपदेशांमागून उपदेश होत. महिन्यातून एकदाच पाळकाचे दर्शन घडणाऱ्या लोकांना, कारण एकेक पाळक तीन-तीन, चार-चार मंडळ्या सांभाळून शिवाय स्वतःचे शेत कसणारा असे, हा केवढा लाभ वाटत असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो.

प्रारंभिक उपदेश झाल्यावर सभापती आणि चिटणीस यांची निवड होई व प्रत्येक मंडळीने आपल्या प्रतिनिधींच्या हाती धाडलेला खलिता सर्वांसमक्ष वाचला जाई. त्यात मंडळीची आध्यात्मिक अवस्था, धान्याच्या दुर्भिक्षाची किंवा रोगराईची हकिकत आणि शेवटी आकडे असत: वर्षभरात बाप्तिस्मा घेतलेले किती, दुसऱ्या मंडळीचा दाखला घेऊन आलेले किती, दाखला घेऊन गेलेले किती, बहिष्कृत किती, पश्चात्तापाने परत घेतलेले किती, मृत किती, एकूण किती. मद्यपान, भांडण, नाच, कर्ज बुडविणे अशा कारणांवरून माणसे बहिष्कृत होत. त्या एकाच रकान्यावरून ग्रामीण जीवनाचे जेवढे ज्ञान होते, तेवढे मोठमोठ्या ग्रंथांवरूनही होत नाही, असे माझे मत आहे. नवी मंडळी संघात घेतली म्हणजे सभापती तिच्या प्रतिनिधींचा हात आपल्या हाती घेत. शेजारच्या संघांकडे पत्रे व भेटीसाठी माणसे पाठविण्यात येत. आणि सर्व मंडळ्यांच्या बोधासाठी एखाद्या सिद्धान्तावर लिहिलेले परिपत्र मंजूर होऊन इतिवृत्तासह छापले जाई.

मंडळ्यांकडून आलेले प्रश्न हा या सभेचा प्राण होता. संघ सल्ला देई; मंडळीच्या अंतर्गत कारभारात हुकूम देण्याचा अधिकार त्यास नव्हता. जी मंडळी अगदीच विपरीत वागे, तिच्याशी संघ आपला संबंध तोडू शके, याहून अधिक काही नाही. सामान्य शेतकऱ्यांनी, ज्यांतील पुष्कळांचे शिक्षण बायबल वाचण्यापुरतेच झालेले होते, वर्षानुवर्षे ठराव मांडावेत, बहुमताने निर्णय घ्यावेत आणि त्यांची नोंद जपून ठेवावी, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

या स्वातंत्र्याची परीक्षा मिशनकार्यास साहाय्य करावे की नाही या प्रश्नावर झाली, आणि येथे आपल्या भूमीचाही संबंध येतो. बंगालमधील श्रीरामपुरास राहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध करणारे विल्यम केरी हे इंग्लंडातील अशाच एका ग्रामीण संघातून पुढे आलेले बाप्टिस्ट होते. पुढे १८१२ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ नावाचे जहाज हिंदुस्थानाकडे निघाले, त्यावर गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस हे दोन तरुण मिशनरी होते. हॉल १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले, अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूस पटकीने त्यांचा अंत झाला. राइस यांनी मात्र कलकत्त्यास बाप्टिस्ट मत स्वीकारले, ते स्वदेशी परतले आणि उरलेले आयुष्य गावोगावच्या संघसभांतून मिशनसाठी निधी गोळा करण्यात त्यांनी वेचले.

ज्या केहुकी संघात १८०३ मध्येच पाळक मार्टिन रॉस यांनी मिशनकार्यास साहाय्य करण्याचा प्रश्न उपस्थित केला होता, त्याच संघाने १८२७ मध्ये मिशन सोसायट्या, बायबल सोसायट्या व धर्मशिक्षणाची विद्यालये यांच्याशी संबंध न ठेवण्याचा निर्णय घेतला. या विरोधकांना केवळ अडाणी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. पैसे भरून मिळणारे सभासदत्व, पगारी मुखत्यार आणि दूरच्या शहरातील कार्यकारी मंडळ यांना शास्त्रात आधार नाही, आणि आज वर्गणी मागणारी संस्था उद्या मंडळीवर अंमल गाजवील, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा निष्कर्ष मला संकुचित वाटतो. परंतु सत्ता एकवटण्याविषयीची त्यांची भीती निराधार नव्हती. या वादाने अनेक संघ दुभंगले व ‘प्रिमिटिव्ह बाप्टिस्ट’ हा वेगळा प्रवाह निर्माण झाला.

याहून फार गंभीर प्रश्न गुलामगिरीचा होता, आणि तेथे या सभांची सदसद्विवेकबुद्धी उणी पडली. गुलाम माणसे या मंडळ्यांची सभासद होती. सव्हॅना येथील अँड्र्यू ब्रायन या कृष्णवर्णी उपदेशकाने धर्मोपदेशासाठी फटके सोसले, आणि त्याची मंडळी १७९० मध्ये जॉर्जिया संघात सामीलही झाली. तरीही १८०५ मध्ये केंटकीच्या एल्कहॉर्न संघाने गुलाममुक्तीच्या प्रश्नात पाळकांनी व मंडळ्यांनी हात घालू नये असे ठरविले. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या डेव्हिड बॅरो यांना पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका संघाने बाहेर काढले. १८३५ मध्ये सव्हॅना रिव्हर संघापुढे प्रश्न आला की, विकले जाऊन जोडीदारापासून ताटातूट झालेल्या गुलामाने पुन्हा लग्न करावे काय. तेव्हा अशी ताटातूट मृत्यूसमान मानावी, असा जबाब देण्यात आला. ज्या विक्रीने ती ताटातूट घडविली, तिच्याविषयी त्या जबाबात निषेधाचा शब्द नाही. नाचण्याबद्दल माणसास बहिष्कृत करणाऱ्या लोकांनी माणूस विकणाऱ्यास मात्र प्रभुभोजनास बसू द्यावे, याला क्षमा नाही. अखेर गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी नेमावे की नाही या वादातून १८४५ मध्ये ऑगस्टा येथे दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी आपले स्वतंत्र अधिवेशन स्थापन केले.

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच मुक्त झालेले कृष्णवर्णी सभासद गोऱ्यांच्या मंडळ्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी आपले संघ उभारले. सभापती, चिटणीस, मंडळ्यांचे खलिते, छापील इतिवृत्त ही सारी पद्धत त्यांनी कायम ठेवली; फरक एवढाच, की आता ठराव त्यांचे होते आणि मतही त्यांचेच मोजले जात होते. १८९५ मध्ये अटलांटा येथे स्थापन झालेले ‘नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ अशाच प्रयत्नांतून उभे राहिले.