साठ लाख व्होल्ट कुठेच नाहीत

“साहेब, ह्या मशीनमध्ये साठ लाख व्होल्टची वीज खेळते म्हणे?” कॅन्सरच्या पेशंटला शेक द्यायला आणलं, की बाकावर बसलेले नातेवाईक हे हमखास विचारतात. किरणांचा डोस मोजणं हे माझं काम, त्यामुळे उत्तरही माझ्याच गळ्यात. काका, साठ लाख व्होल्ट इथे एकाही जागी नाहीत. लिनॅकची, म्हणजे या रेषीय त्वरकाची, सगळी गंमत त्यातच आहे.

एका दमात प्रचंड व्होल्टेज द्यायला गेलं, तर ठिणग्या उडतात. रॉल्फ विडेरो या नॉर्वेच्या तरुणाने जर्मनीत आखेनला तेच २५ हजार व्होल्ट दोनदा वापरले. प्रयोग १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. फटीत धक्का खाल्लेला आयन धातूच्या पोकळ नळीत शिरायचा. आत विद्युतक्षेत्र पोचत नाही, म्हणून बाहेर दिशा उलटेपर्यंत तो तिथे निर्धास्त. नळीतून निघाला, की दुसरा धक्काही पुढच्याच दिशेला. ऊर्जा झाली दुप्पट.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आमच्या यंत्रात नळ्यांऐवजी तांब्याच्या पोकळ्या आहेत. मॅग्नेट्रॉन त्यांत सेकंदाला सुमारे ३ अब्ज आंदोलनांच्या लहरी सोडतो. अर्ध्या आंदोलनात प्रकाश ५ सेंटिमीटर जातो. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनमधून निघालेला इलेक्ट्रॉन त्या मानाने संथ, म्हणून सुरुवातीच्या पोकळ्या आखूड. पण तो इतका हलका, की १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टलाच प्रकाशाच्या ९४ टक्के वेग गाठतो आणि ६० लाखांना ९९.७. पुढे वेग वाढायला जागाच उरत नाही. ऊर्जा मात्र वाढत जाते. त्यामुळे पुढच्या पोकळ्या जवळजवळ एकाच मापाच्या चालतात. प्रोटॉनचं यंत्र आखणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. प्रोटॉन जड, वेग सावकाश धरतो. प्रत्येक नळी आधीच्यापेक्षा लांब करत न्यावी लागते.

टोकाला इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि उपचाराचे क्ष-किरण निघतात. एवढं बहुतेक माहितीपत्रकांत असतं. पोकळ्या थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि माझा जीव तर तिथेच अडकलेला! तांबं एका अंशाने जास्त तापलं तरी किंचित फुगतं, आणि पोकळीची आंदोलनसंख्या सेकंदाला सुमारे ५० हजारांनी उतरते. मॅग्नेट्रॉनने तेवढंच खाली यायला हवं. नाही आला, तर लहर आत न शिरता परत फिरते आणि डोस घसरतो. यंत्र आपोआप सूर जुळवत राहतं, हे खरं. तरी सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी मी पाण्याचं तापमान बघतो, डोस मोजतो, आणि मगच रजिस्टरवर सही करतो.