विमान पडायला मैदान हवं
यंत्रछंद : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण कंट्रोल लाइन विमानापाशी थांबलो होतो. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुलं दोन तारांच्या टोकाला बांधलेलं विमान स्वतःभोवती फिरवतात आणि तारांची लांबी हीच त्या विमानाची हद्द असते. १९३७ साली अमेरिकेतल्या कालामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘बिग गफ’ हे आपलं विमान रेडिओच्या इशाऱ्यावर वळवून दाखवलं आणि ही हद्द सुटली. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. हद्द सुटल्याबरोबर दोन गोष्टी जोडीनं आल्या : हवेत मनाजोगतं फिरण्याचा आनंद आणि नको तिथे जाऊन आपटण्याची शक्यता. छंदाची ओळख करून देणारे लोक पहिलीबद्दल भरभरून बोलतात, दुसरी सूचनांच्या पानावर उरकतात. माझं म्हणणं असं की दोन्ही एकाच मुळातून येतात आणि शिकणाऱ्याच्या पदरात दुसरी जास्त टाकते. म्हणून देहू, तळवडे, चाकण या पट्ट्यात, जिथली कितीतरी घरं कारखान्याच्या पाळीवर चालतात, तिथल्या मुलांना विमान उडवायला शिकवायचं असेल तर ते बिनधोक पडू शकेल अशी जागा आधी द्यायला हवी.

आनंद कशाचा, ते आधी पाहू. ट्रान्समीटरवर दोन स्टिक असतात. त्यांतून थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (शेपटीची उभी झडप), एलेरॉन (पंखांच्या कडेच्या झडपा) आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) असे चार हुकूम विमानाला जातात. विमान नीट जुळवलेलं असेल, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असेल आणि ट्रिम बरोबर बसली असेल, तर हात सैल सोडले तरी ते सरळ जात राहतं. आपण बांधलेल्या वस्तूला आता आपल्या आधाराची फारशी गरज उरलेली नाही, हे डोळ्यांसमोर घडताना पाहण्यासारखं सुख यंत्रांच्या छंदात दुसरं क्वचितच असेल. भंडारा डोंगरासारख्या उतारावर पश्चिमेचा वारा आदळून वर चढतो आणि घारी पंख न हलवता तरंगतात. तसल्याच चढत्या हवेवर मोटर बंद केलेला ग्लायडरही बराच वेळ टिकतो. हवा दिसत नाही. पंख किंचित उचलला गेला, शेपूट हलकेच डोललं, एवढ्यावरून ती वाचावी लागते. ही वाचायची सवय लागली की माणूस झाडाच्या शेंड्याकडे, धुराकडे, उडणाऱ्या धुळीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

आता पडणं. विमान आपल्यापासून दूर जात असतं तेव्हा उजवी स्टिक म्हणजे उजवीकडे वळण. तेच विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याची उजवी ती आपली डावी होते. हे डोक्याला कळतं, पण घाबरलेल्या हाताला कळत नाही. हात जुन्या सवयीनं चालतो, चूक दुप्पट होते आणि विमान जमिनीत शिरतं. त्यावर जाणते लोक एक साधा नियम शिकवतात : विमान समोरून येत असताना त्याचा जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला स्टिक ढकलायची. नियम एका ओळीचा आहे, पण तो अंगवळणी पडेपर्यंत थोडा फोम मोडतोच.

दुसरं कारण अधिक खोल आहे आणि त्यावर थोडं रेंगाळायला हवं. पंखाला उचल मिळते ती हवेच्या तुलनेतल्या वेगानं. आपल्याला मात्र दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. समजा एक मॉडेल सेकंदाला ८ मीटरपेक्षा हळू गेलं की स्टॉल होतं, म्हणजे पंखावरचा प्रवाह सुटून उचल कोसळते. वारा ५ मीटरचा आहे आणि विमान त्या वाऱ्याच्या पाठीवर हवेत १० मीटर वेगानं चाललं आहे. जमिनीवरून ते १५ मीटरनं धावताना दिसतं. उडवणाऱ्याला वाटतं, उतरायचं आहे आणि हे तर सुसाट चाललंय. तो थ्रॉटल कमी करतो आणि नजरेला वेग १२ चा, बरा वाटतो. हवेतला वेग मात्र आता ७ आहे. त्यातच वळण घ्यावं, तर कललेल्या पंखाला विमानाचं वजन पेलून शिवाय ते वळवायचंही असतं. ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. एक पंख आधी सोडतो, विमान गिरकी घेत खाली येतं आणि पाहणारे म्हणतात, वाऱ्यानं पाडलं. वाऱ्याचा त्यात दोष नसतो. डोळ्यांनी भलताच वेग मोजलेला असतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. देहूचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते आणि तेच विमान सात-आठ टक्के जास्त वेगालाच स्टॉल होतं. किनाऱ्यावरच्या शिक्षकाची चित्रफीत पाहून शिकलेल्या मुलाला हा फरक कोणी सांगत नाही. मे महिन्याच्या दुपारी पडलेलं विमान तो सांगतं.

उरलेली बहुतेक कारणं विमान उडण्याआधीच घडून गेलेली असतात. बॅटरी वेलक्रोनं नीट बांधलेली नसते, ती सरकते आणि गुरुत्वमध्य मागे जातो. लिपो बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तो ३ व्होल्टच्या खाली ओढला की कायमचा बिघडतो आणि फुगलेला सेल पुन्हा चार्जिंगला लावला तर पेट घेऊ शकतो. रेडिओच्या बाबतीत मात्र काळ बराच सोपा झाला आहे. पूर्वी दोघांच्या ट्रान्समीटरमध्ये एकाच वारंवारितेचा क्रिस्टल असला की एकानं बटण चालू करताच दुसऱ्याचं विमान पडायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या संचांमुळे ही भीती जवळजवळ गेली. तरी सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद पडावी, हे फेलसेफ लावून ठेवावंच लागतं.

इथे माझा मुद्दा सुरू होतो. मोडलेलं विमान आपोआप काही शिकवत नाही. त्याचं कारण शोधलं तरच ते शिकवतं, आणि कारण शोधण्याची रीत या पट्ट्याला नव्यानं शिकवावी लागणार नाही. भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर ‘व्हाय-व्हाय’ हा रोजचा शब्द आहे. तोच इथे लावून पाहा. विमान उडताच डावीकडे उलटं झालं. का? एलेरॉन उलटे चालत होते. का? दुरुस्तीत झडप हलवणाऱ्या सर्व्होचा आर्म दुसऱ्या बाजूनं बसला. मग उडवण्याआधी कळलं कसं नाही? एलेरॉन हलतात एवढंच पाहिलं, कुठल्या दिशेला हलतात ते पाहिलं नाही. का? पाहायची यादीच नव्हती. चौथ्या प्रश्नाला माणसावरचा दोष सरकून पद्धतीवर आला आणि उपायही हाती आला : विमानाच्या मागे उभं राहून, उजवी स्टिक दिली की उजवा एलेरॉन वर जातो का, हे प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्यानं म्हणून तपासायचं. क्वालिटी सर्कलमध्ये बसलेल्या बापाला आणि आठवीतल्या मुलीला एकाच टेबलावर, एकाच भाषेत बोलता येईल असे विषय फार नाहीत. हा एक आहे.

मोठ्या कामांनीही हाच रस्ता धरलेला दिसतो. स्पेस शटल बोइंग ७४७ च्या पाठीवर बसवून न्यायचं आणि हवेतच सोडायचं, ही कल्पना अनेकांना अशक्य वाटत होती. नासाचे अभियंते जॉन काइकर यांनी दोन्हींची रेडिओवर चालणारी मॉडेलं उडवून ती पटवून दिली आणि १२ ऑगस्ट १९७७ रोजी ‘एंटरप्राइज’ खरोखरच ७४७ च्या पाठीवरून सुटून उतरलं. मेनार्ड हिल यांचं ५ किलोच्या आतलं बाल्साचं विमान ऑगस्ट २००३ मध्ये न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे ३९ तासांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती आणि त्यांच्या आधीच्या प्रयत्नांतली विमानं अटलांटिकनं गिळली होती. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर ‘नेत्र’ हे ड्रोन घ्या. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली आयडियाफोर्ज आणि दिघीची डीआरडीओ प्रयोगशाळा यांनी ते मिळून घडवलं. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये खिडकीबाहेर तरंगणारं यंत्र आयडियाफोर्जचंच होतं. छंद आणि उद्योग यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, ते यावरून दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सिम्युलेटर आहेत, आपोआप स्थिर राहणारे ड्रोन आहेत, मग मोडतोड कशाला? सिम्युलेटर वापरावाच, उलट्या दिशेचा गोंधळ त्यावर पुष्कळ कमी होतो. पण पडद्यावरच्या विमानाची बॅटरी सरकत नाही, त्याचा पुशरॉड वाकत नाही आणि पडल्यावर ते एका बटणानं पुन्हा नवं होतं, त्यामुळे ते का पडलं हे विचारायची वेळच येत नाही. जीपीएसवरच्या ड्रोनची गोष्ट निराळी. स्टिक सोडली की तो जागच्या जागी थांबतो. कामासाठी हे उत्तमच आहे, पण पंखाच्या विमानाला थांबण्याची सोय नाही, त्याला सतत वेग राखावा लागतो. उड्डाण म्हणजे काय ते कळायचं असेल तर ही सक्तीच उपयोगी पडते.

खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. या संचात महाग असतात ट्रान्समीटर आणि चार्जर, आणि ते दोन्ही जमिनीवर राहतात. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर बहुतेक वेळा वाचतात आणि पुढच्या विमानात जातात. मोडतो तो फोम, म्हणजे सगळ्यात स्वस्त भाग. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे स्वतः जोडून बनवणं हीच इथली सरळ वाट आहे. एका शाळेनं दोन ट्रान्समीटर घेतले, शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा असे एकमेकांना जोडले, तर वर्गभर मुलं त्यावर शिकू शकतात.

धोक्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि माझं म्हणणं त्यावरच उभं आहे. दीड किलोचं विमान सेकंदाला १५ मीटर वेगानं आदळलं तर त्यातली ऊर्जा सुमारे १७० ज्यूल असते. एक किलोचा दगड पाचव्या-सहाव्या मजल्यावरून पडावा तितकी. याला खेळणं म्हणून सोसायटीच्या पार्किंगवर किंवा शाळेच्या सुट्टीत मैदानावर उडवणं चूकच आहे. तुकाराम बीजेला किंवा पालखी प्रस्थानाच्या दिवशी वारकऱ्यांच्या डोक्यावरून काहीही उडवण्याचा तर विचारही नको. पण मनाईनं मुलं उडवायची थांबत नाहीत. ती गच्चीवर, नदीच्या घाटावर, वर्दळीच्या रस्त्यालगत उडवतात आणि तिथे पडणं जीवघेणं ठरू शकतं.

कायदा या बाबतीत लोकांना वाटतो तितका आडवा येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन आणि मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. व्यावसायिक वापर नसेल तर २ किलोपर्यंत पायलट परवानाही लागत नाही. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे; क्षेत्र कुठलं, ते मात्र आधी डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठाच्या नकाशावर पाहावं लागतं. लोहगावचा विमानतळ देहूपासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे परवानगी लागणाऱ्या पिवळ्या क्षेत्राच्या १२ किलोमीटरच्या कड्याबाहेर आहे. खरी अडचण देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराची. त्याच्या हद्दीपासून २,००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि निगडी, तळवडे, रुपीनगरच्या रहिवाशांना हा रेड झोन चांगलाच ठाऊक आहे. त्या बंदीमुळे तिथे मोकळी जमीन दिसते आणि मुलांना ती खुणावते, पण रेडिओवरचं विमान नेण्याची ती जागा नाहीच. लष्कराचा आग्रह इथे रास्त आहे. म्हणूनच रेड झोनबाहेरचं एखादं गायरान देहू नगरपंचायतीनं लष्कर आणि पोलीस यांच्या लेखी संमतीनं ठरवून द्यावं, ठरावीक वारी, ठरावीक वेळी. जागा ठरवलेली असली की बाकी सगळीकडची मनाईही पाळून घेता येते.

असं मैदान खर्चिक नसतं. शंभरेक मीटरची सपाट पट्टी पूर्व-पश्चिम असावी, कारण इथला वारा वर्षाचा बराच काळ पश्चिमेचा. उडवणाऱ्यांनी पट्टीच्या दक्षिणेला उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे सूर्य डोळ्यांत येत नाही. त्यांच्या पाठीमागे विमान नेण्यास सक्त मनाई असावी आणि बघ्यांची दोरी त्याहून मागे. उत्तरेकडे पिकाविना पडीक जमीन असली तर उत्तम. दुरुस्तीची आणि जोडणीची कार्यशाळा चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये भरू शकते. तिथे टेबलं आणि छत दोन्ही आहेत. मैदानावर एक वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तिच्यात विमानाचं वजन, वारा, तापमान आणि पडण्याचं कारण, एवढं लिहिल्याशिवाय कोणीही मोडलेले तुकडे घरी न्यायचे नाहीत. पुढच्या लेखांकात त्या तुकड्यांकडे वळू : फोम, बाल्सा आणि कोरुगेटेड शीट यांतलं काय कसं तुटतं आणि कुठल्या गोंदानं पुन्हा जुळतं.