मुक्या स्पीकरची चौकशी

घरच्या संगणकास सहा स्पीकरांचा संच जोडावा, आणि मागचे दोन मुळींच वाजूं नयेत, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. आमच्या घरीं तो आला, तेव्हां 'तूंच तार ओढली असशील' म्हणून आम्ही धाकट्या मुलास रागें भरलों. शोधाअंतीं तो निर्दोष ठरला. म्हणून अशा चौकशीचा क्रम येथें देत आहों.

या संचास '५.१' म्हणतात. पुढें डावा, उजवा व मधला, आणि मागें डावा व उजवा, हे पांच. केवळ खर्जाचे स्वर देणारा सबवूफर हा बिंदूनंतरचा एक.

प्रथम तारा पाहाव्या. संगणकाच्या पाठीमागें रंगीत छिद्रें असतात. बहुधा हिरवें पुढच्या जोडीचें, काळें मागच्या जोडीचें, व नारिंगी मधल्या स्पीकरचें आणि सबवूफरचें असतें. गुलाबी छिद्र मायक्रोफोनचें असतें. तें या कामीं उपयोगाचें नाहीं.

नंतर संगणकाची समजूत तपासावी. विंडोज असल्यास कंट्रोल पॅनेलमधील 'साउंड' उघडून 'प्लेबॅक' या पानावर आपले स्पीकर निवडावे व 'कॉन्फिगर' दाबावें. तेथें 'स्टीरिओ' निवडलेलें असल्यास, दोनच स्पीकर आहेत असें संगणक धरून चालतो. '५.१ सराउंड' निवडून 'टेस्ट' दाबतांच प्रत्येक स्पीकर पाळीपाळीनें वाजला पाहिजे. जो वाजणार नाहीं, त्याची तार संच बंद करून वाजणाऱ्या स्पीकरच्या जागीं लावावी व पुन्हां ऐकावें. तेथेंही तो मुकाच राहिला, तर दोष त्याचा वा त्याच्या तारेचा; तेथें तो वाजला, तर दोष पहिल्या जागेचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहीं तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

परीक्षेंत सर्व वाजले, परंतु गाणें लावतांच मागचे गप्प झाले, तर तो बिघाड नव्हेच. बहुतेक गाणीं डाव्या व उजव्या अशा दोनच प्रवाहांत मुद्रित केलेलीं असतात; मागच्या स्पीकरांसाठीं त्यांत कांहींच नसतें. कांहीं संगणकांत 'स्पीकर फिल' नांवाची सोय असते. तिच्या योगें तोच आवाज मागेंही देतां येतो.

आमच्या घरीं नेमकें हेंच झालें होतें. स्पीकर शाबूत होते, तारा जागेवर होत्या, आणि मुलगाही खरें बोलत होता. चूक आमच्या घाईची होती, व ती आम्हीं त्याजपाशीं कबूल केली. यंत्रावर अथवा मुलावर दोष ठेवण्यापूर्वीं क्रमानें चौकशी करावी, एवढेंच आमचें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आहे.