संगणकाचे परसदार

प्राथमिक शाळांतून संगणकाचा व मोबाइलचा वापर आता नित्याचा झाला आहे. पटसंख्या, उपस्थिती, पोषण आहाराचा तपशील, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती व शिक्षकांच्या वेतनाचे कागद हे सर्व पूर्वी कपाटातील नोंदवह्यांत असे. आज त्यातील बराचसा भाग यंत्राच्या पोटात असतो. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे मुख्याध्यापकांस ठाऊक असे. यंत्राची किल्ली मात्र धन्याच्या नकळत परक्याच्या हाती जाऊ शकते. ज्या घातक प्रोग्रॅममुळे असे घडते, त्यास संगणकशास्त्रात ‘बॅकडोअर ट्रोजन’ असे म्हणतात. ‘बॅकडोअर’ म्हणजे परसदार. या परसदाराचे स्वरूप, त्यापासून संभवणारे धोके व त्यावरील उपाय यांची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

नावाची उपपत्ती

प्राचीन ग्रीक कथेनुसार ग्रीकांनी ट्रॉय नगरीस दहा वर्षे वेढा दिला. परंतु तट भेदला गेला नाही. अखेर त्यांनी एक प्रचंड लाकडी घोडा वेशीबाहेर ठेवून माघारीचे सोंग केले. घोड्याच्या पोटात सैनिक दडले होते. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा स्वतःच नगरात ओढून नेला. रात्री आतील सैनिक बाहेर आले, त्यांनी आतून वेशीचे दरवाजे उघडले आणि नगरीचा नाश झाला. अमेरिकेच्या वायुदलासाठी १९७२ साली सिद्ध झालेल्या संगणक-सुरक्षाविषयक अहवालात ‘ट्रोजन हॉर्स’ ही संज्ञा आढळते. या कथेतील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. घोडा आत आला तो नगरवासीयांच्याच हातांनी, आणि दरवाजा उघडला गेला तो आतून. बॅकडोअर ट्रोजनचे सर्व मर्म या दोन गोष्टींत सामावलेले आहे.

विषाणू व ट्रोजन यांतील भेद

बोलण्यात सर्वच घातक प्रोग्रॅमना ‘व्हायरस’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु शिक्षकाने हा भेद स्पष्ट जाणावा. विषाणू दुसऱ्या फाइलीस चिकटून आपली संख्या वाढवितो. ‘वर्म’ अथवा कृमी हा प्रकार संगणकांच्या जाळ्यातून आपोआप पसरतो. ट्रोजन स्वतःहून पसरत नाही. तो उपयुक्त वस्तूचे रूप घेऊन येतो व बहुधा वापरणाऱ्याकडूनच उघडला जातो. कधी तो एखाद्या खेळाच्या रूपाने येतो, कधी लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून मोबाइलवर धाडलेल्या ‘एपीके’ फाइलीच्या रूपाने, तर कधी मराठी टंकलेखनाचा महागडा प्रोग्रॅम फुकट मिळतो या आमिषाने.

परसदार कसे उघडते

बॅकडोअर ट्रोजनचे सामान्यतः दोन भाग असतात. एक भाग बळी पडलेल्या संगणकात गुप्तपणे वास करतो. दुसरा दूर बसलेल्या चोराच्या हाती असतो. पहिला भाग आत शिरताच, संगणक सुरू होताना जे प्रोग्रॅम आपोआप चालू होतात त्यांच्या यादीत आपले नाव घालून ठेवतो. त्यामुळे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी तो जागाच राहतो.

१९९८ साली प्रकट झालेले ‘नेटबस’ व ‘बॅक ओरिफिस’ हे या वर्गातील गाजलेले प्रोग्रॅम होत. त्या पिढीतील प्रोग्रॅम संगणकाचे एक ठराविक द्वार उघडे ठेवून बाहेरून येणाऱ्या हुकुमाची वाट पाहत असत. पुढे बाहेरून येणाऱ्या अनाहूतांस अडविणारी ‘फायरवॉल’ सर्वत्र आली, तेव्हा चोरांनी युक्ती बदलली. वाड्याच्या देवडीवरील पहारेकरी आत येणाऱ्याची कसून चौकशी करतो. परंतु घरातून बाहेर जाणाऱ्यास तो सहसा हटकत नाही. नवे ट्रोजन याचाच लाभ घेतात. आत दडलेला प्रोग्रॅम आपणहून इंटरनेटद्वारे बाहेर संपर्क साधतो व धन्याऐवजी चोराकडून आज्ञा घेतो. पहारेकऱ्यास मात्र घरातलेच कोणी कामानिमित्त बाहेर गेले असे वाटते.

संभाव्य धोके

परसदार एकदा उघडले की चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच पडतात. टंकलेल्या प्रत्येक अक्षराची नोंद करून परवलीचे शब्द हस्तगत करणे, पडद्यावरील मजकूर पाहणे, कॅमेरा व ध्वनिग्राहक चालू करणे, फाइली पळविणे अथवा नष्ट करणे, आणखी घातक प्रोग्रॅम आत आणणे, या गोष्टी त्यास साध्य होतात. मोबाइलमध्ये असा प्रोग्रॅम शिरून त्यास संदेश वाचण्याची अनुमती मिळाली, तर बँकेचा ओटीपी धन्याच्या आधी चोराच्या दृष्टीस पडतो.

तथापि याहूनही दारुण असा एक धोका आहे. संगणकातून घडणारे प्रत्येक कृत्य त्याच्या धन्याच्या नावावर जमा होते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात १९९९ साली घडलेला प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील कायद्याच्या एका अभ्यासकाच्या कार्यालयीन संगणकात सुमारे ३,५०० बेकायदा व लज्जास्पद चित्रे सापडली. ती त्यानेच साठविली असा समज होऊन त्याचे संशोधनाचे पद गेले; नाव प्रसिद्ध झाल्यावर त्यास देश सोडावा लागला व मनःस्वास्थ्यासाठी वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. २००४ च्या अखेरीस न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. ‘नेटबस’च्या साहाय्याने त्याच्या संगणकावर दुसऱ्यानेच ताबा मिळविला होता, असे निष्पन्न झाले. पाच वर्षांनी न्याय मिळाला. परंतु मधल्या काळात गेलेली प्रतिष्ठा कोण भरून देणार? गावात शिक्षकाची खरी मिळकत म्हणजे त्याच्यावरील लोकांचा विश्वास. त्याच्या नावाने परक्याने लिहावे व परक्याने पाठवावे, ही हानी पैशांत मोजता येणारी नाही. शिवाय शाळेच्या संगणकातील मुलांची माहिती ही पालकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे, हेही विसरता कामा नये.

प्रतिबंधक उपाय

(१) फाइल उघडण्यापूर्वी तिचे पूर्ण नाव पाहावे. विंडोज प्रणालीत नावाचा शेवटचा भाग पुष्कळदा लपविलेला असतो; त्यामुळे ‘वेळापत्रक.पीडीएफ.ईएक्सई’ हा प्रोग्रॅम ‘वेळापत्रक.पीडीएफ’ असा निरुपद्रवी कागद भासतो. नावाचा हा भाग दिसेल अशी योजना संगणकात करून घ्यावी.

(२) मोबाइलवर संदेशातून आलेली ‘एपीके’ फाइल, ती परिचिताकडून आली असली तरी, उघडू नये. परिचिताचाच मोबाइल चोराच्या ताब्यात असण्याचा संभव असतो. खरी लग्नपत्रिका चित्राच्या वा कागदाच्या रूपात येते. तिच्यासाठी ॲप बसवावे लागत नाही.

(३) चोरून मोकळे केलेले प्रोग्रॅम शाळेच्या संगणकात कदापि घेऊ नयेत. झेरॉक्सच्या दुकानात अथवा अन्यत्र लावलेला पेनड्राइव्ह तपासल्यावाचून उघडू नये.

(४) दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. नवे प्रोग्रॅम बसविण्याचा अधिकार असलेले खाते वेगळे ठेवून त्याचा परवलीचा शब्द एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा.

(५) मूळ प्रणाली व विषाणूरोधक प्रोग्रॅम अद्ययावत ठेवावेत. ‘विंडोज १०’ या प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. ज्या शाळांत ही प्रणाली चालू आहे त्यांनी पुढील व्यवस्थेचा विचार लांबणीवर टाकू नये.

(६) महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

लक्षणे व तात्कालिक कर्तव्य

यंत्र अकारण मंदावणे, विषाणूरोधक प्रोग्रॅम आपोआप बंद पडणे, कॅमेऱ्याचा दिवा मध्येच लागणे, इंटरनेटचा खर्च वाढणे ही संशयाची लक्षणे होत. लक्षणे नसली म्हणजे धोका नाही असे मात्र नव्हे; चतुर चोर पाऊल वाजू देत नाही. सूक्ष्म निरीक्षणाचे महत्त्व पटविणारे एक उदाहरण २०२४ सालचे आहे. लिनक्स प्रणालीच्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅममध्ये, दोन वर्षांहून अधिक काळ सेवाभावी सहकाऱ्याचे सोंग वठविणाऱ्या एका अज्ञाताने परसदार बसविले होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा फरकाचा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पाठपुरावा केला आणि बहुसंख्य संगणकांपर्यंत पोचण्यापूर्वीच ते कारस्थान उघडकीस आले.

शंका येताच प्रथम संगणकाचा इंटरनेटशी असलेला संबंध तोडावा. त्या यंत्रावर कोणताही परवलीचा शब्द टंकू नये. दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून सर्व शब्द बदलावेत. रक्कम गेली असल्यास विलंब न लावता बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रारीपूर्वी यंत्र पुसून टाकू नये, कारण त्यातच पुरावा असतो. नंतर जाणकाराकडून मूळ प्रणाली नव्याने बसवून घ्यावी. परसदार उघडणाऱ्या प्रोग्रॅमपैकी कित्येक काढून टाकण्याची साधने भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून विनामूल्य मिळतात. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे असा प्रोग्रॅम घालणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दंडनीय अपराध आहे. घडला प्रकार लपवून ठेवल्याने चोरास अधिक अवधी मिळतो. म्हणून फसगत झालेल्या सहकाऱ्यास दोष न देता त्यास तत्काळ साहाय्य करावे.

वर्गातील उपयोग

पाचवी ते सातवीच्या मुलांस हा विषय लाकडी घोड्याच्या गोष्टीतून सहज समजतो. गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षकाने विचारावे : घोडा नगरात कोणी नेला? नेण्यापूर्वी नगरवासीयांनी काय तपासावयास हवे होते? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहून त्यांतूनच तीन प्रश्न तयार करावेत : हे कोणी पाठविले? आपण ते मागितले होते काय? उघडण्याची घाई कोण व का करीत आहे? हे प्रश्न मुलांनी वहीत उतरवून घरी मोठ्यांस वाचून दाखवावेत. खेड्यातील कित्येक घरांत आईवडिलांचा मोबाइल मुलांच्याच हाती अधिक असतो आणि त्याच मोबाइलमध्ये घरची सारी पुंजी असते. मूल हे तीन प्रश्न विचारावयास शिकले, तर त्या घराच्या परसदाराशी एक जागता राखणदार उभा राहील; आणि हे कार्य गावातील शिक्षकावाचून दुसरे कोणी तितक्या सुलभतेने करू शकणार नाही.