जुन्या गाडीला दोन कार्बोरेटर लावले की ती खरंच पळते का? बसवण्यापेक्षा मोठं काम तर नंतर सुरू होतं

इन्स्टावर जुन्या गाड्यांचे रील्स बघत असाल तर हे दृश्य पाहिलंच असेल. बॉनेट उघडलेलं, इंजिनच्या बाजूला आडवे लावलेले दोन कार्बोरेटर, त्यांची चार चकचकीत तोंडं आणि रेस दिली की अंगावर काटा आणणारा आवाज. खाली कमेंट ठरलेली, "भावा, आपल्या पद्मिनीला बसेल का?"

आधी हे करतात कशासाठी, ते बघू.

चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना एकच कार्बोरेटर असायचा. हवा आणि पेट्रोल वरून खाली येणार, वळण घेणार आणि चार सिलिंडरमध्ये वाटलं जाणार. मधल्या सिलिंडरना रस्ता जवळचा, टोकाच्यांना लांबचा. मग वाटणी सारखी कशी होणार?

वेबर डीसीओईसारखा साइडड्राफ्ट कार्बोरेटर आडवा बसतो आणि त्याला दोन बॅरल असतात. दोन कार्बोरेटर म्हणजे चार बॅरल, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं एक. हवा जवळपास सरळ आत जाते.

फरक किती पडतो? बीएमडब्ल्यू २००२ या गाडीचं १९९० सीसीचं इंजिन एका कार्बोरेटरवर १०० हॉर्सपॉवर द्यायचं. १९६८ मध्ये आलेल्या २००२ टीआयला सोलेक्सचे दोन साइडड्राफ्ट होते, ताकद १२०. पण कंपनीने त्यासोबत कॉम्प्रेशनही वाढवलं होतं. म्हणजे सगळं श्रेय कार्बोरेटरचं नाही.

आता पद्मिनीचा प्रश्न. सगळ्यात आधी मॅनिफोल्ड खोलून हेडला इनटेकची भोकं किती ते बघा. जुन्या मिनीच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडर एकाच भोकातून हवा घेतात. तिथे 'प्रत्येकाला स्वतःचं बॅरल' हे गणितच बसत नाही.

दुसरं, माप. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. दोन लिटरच्या गाडीची सेटिंग तशीच उचलली तर बॅरलमधला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि सिग्नलवरून उठताना गाडी गचके खाते. म्हणून आतला चोक आणि जेट इंजिनच्या मापानेच निवडावे लागतात.

तिसरं, पेट्रोलचा दाब. वेबरला साधारण ३ पीएसआय पुरतो. पंप जोरात असेल तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि गरम इंजिनवर सांडलेलं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

आणि खरी परीक्षा, दोघांना एका सुरात आणणं. अॅक्सिलरेटर दाबला की दोन्ही कार्बोरेटर एकाच क्षणी, सारखेच उघडले पाहिजेत. यासाठी हवा मोजायचं मीटर मिळतं. जुने मिस्त्री मात्र रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून 'स्स्स' आवाज जुळवतात. गंमत वाटेल, पण जमतं.

हे जुळलं नाही तर? दोन सिलिंडर ओढतात, दोन नुसते सोबत फिरतात. मिक्स्चर लीन राहिलं तर जोरात पळवताना पिस्टन जळू शकतो. रिच झालं तर मायलेज जातं आणि पीयूसीतही गाडी अडकते.

त्यामुळे बजेट काढताना नुसत्या कार्बोरेटरची किंमत धरू नका. मॅनिफोल्ड, लिंकेज, जेट, एअर फिल्टर आणि ट्युनिंग येणारा माणूस, हे सगळं त्यात धरा. यातला शेवटचा मिळत नसेल तर एकच कार्बोरेटर साफ करून, नीट सेट करून घ्या. रीलमध्ये आवाज येणार नाही, पण गाडी रोज घरी आणेल.