शिरोलीची भट्टी आणि फोनखालची चकती

कोल्हापूरच्या भोवताली शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींमध्ये लोखंडाचे ओतकाम करणाऱ्या अनेक फाउंड्र्या आहेत आणि त्यांतील कित्येकांनी कोकवर चालणारा जुना क्युपोला बाजूला सारून विजेवरची इंडक्शन भट्टी स्वीकारली आहे. या भट्टीत ज्योत नसते, निखारे नसतात, वितळणाऱ्या लोखंडाला विजेची तार कोठेही जोडलेली नसते; तरीही भट्टीत टाकलेले भंगार सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून साच्यात ओतण्याइतके पातळ होते. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील मोबाइलच्या दुकानांत जी गोल चकती वायरलेस चार्जर म्हणून विकली जाते आणि जिच्यावर फोन नुसता ठेवला की तो चार्ज होऊ लागतो, तिच्यातही हेच तत्त्व काम करते. भट्टीत उष्णता हे साध्य आहे, फोनमध्ये ती नासाडी आहे. फोन तारेने चार्ज करावा की तारेविना, या प्रश्नाचा निम्म्याहून अधिक भाग या भेदातच सामावलेला आहे.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याभोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, तर त्या वेटोळ्यात कोणताही स्पर्श न होता वीज निर्माण होते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात आणि इंडक्शन हे त्याचेच इंग्रजी नाव. घरात येणारी वीज ही दिशा सतत बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. ती सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते, म्हणून तिची वारंवारता ५० हर्ट्झ आहे असे सांगितले जाते. इंडक्शन भट्टीत ही वारंवारता काहीशे ते हजार-दोन हजार हर्ट्झपर्यंत वाढवून तो प्रवाह तांब्याच्या पोकळ, आतून पाणी खेळवलेल्या कॉइलमधून सोडला जातो, त्यामुळे आतील लोखंडात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, म्हणजे एडी करंट, उत्पन्न होतात आणि लोखंडाच्या स्वतःच्या रोधामुळे ते लोखंडच तापते. फोनच्या चकतीत वारंवारता याहून पुष्कळ वर, बहुधा एक ते दोन लाख हर्ट्झ असते. चकतीतील कॉइलसमोर फोनच्या पाठीमागे दुसरी पातळ कॉइल बसवलेली असते, तिच्यात निर्माण झालेली प्रत्यावर्ती वीज फोनमधील मंडल, म्हणजे सर्किट, एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे दिष्ट प्रवाहात बदलते आणि मग ती बॅटरीकडे जाते. रस्त्याकडेच्या डीपीतील ट्रान्सफॉर्मरही दोन कॉइलींचाच असतो. मात्र तेथे दोन्ही कॉइली एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या असल्याने चुंबकीय क्षेत्र जवळजवळ पूर्णपणे एकीकडून दुसरीकडे पोहोचते, तर चकती आणि फोन यांच्यामध्ये काच, कव्हर आणि हवा यांची काही मिलिमीटरची फट राहते आणि त्या फटीतून क्षेत्राचा काही भाग भलतीकडे सांडतो.

या सांडण्याला आवर घालण्यासाठी बरीच हुशारी खर्च झालेली आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या उद्योगसंघाने ‘ची’ नावाचे मानक तयार केले, म्हणजे कोणत्याही कंपनीची चकती कोणत्याही कंपनीच्या फोनला चालावी यासाठी ठरवलेली समान नियमावली. या नियमांनुसार फोन मुकाट्याने वीज घेत बसत नाही. तो आपल्या कॉइलवरील भार बारीक प्रमाणात कमी-जास्त करून चकतीला संदेश पाठवत राहतो आणि किती शक्ती हवी, किती पोहोचली, कधी थांबावे, हे कळवतो. चकतीने दिलेली आणि फोनला मिळालेली शक्ती यांत अकारण तफावत दिसली, तर मध्ये नाणे, किल्ली किंवा तत्सम धातूची वस्तू आली असावी असे समजून चकती बंद होते. ही सोय नसती तर त्या नाण्यात भट्टीतील लोखंडासारखेच प्रवाह फिरून ते हात भाजेल इतके तापले असते. फोनच्या पाठी धातूऐवजी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या का झाल्या, याचे एक कारण येथेच आहे, कारण धातूचा पत्रा मध्ये असला की क्षेत्र त्यातच अडकते.

नोकियाच्या लुमिया ९२० या फोनमध्ये २०१२ साली वायरलेस चार्जिंगची सोय आली आणि २०१७ मध्ये ॲपलने ती आयफोनमध्ये दिल्यावर तिचा गाजावाजा झाला. तरीही एक अडचण कायम होती. रात्री अंधारात फोन चकतीवर बोटभर सरकवून ठेवला गेला, की दोन कॉइलींची केंद्रे जुळत नसत आणि सकाळी फोन अर्धाच भरलेला किंवा नुसताच गरम झालेला सापडे. २०२० मध्ये ॲपलने मॅगसेफ या नावाने फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले, त्यामुळे चार्जर आपोआप योग्य जागी चिकटू लागला, आणि हीच कल्पना पुढे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ची-२’ या मानकात सर्वांसाठी खुली झाली. आरंभीच्या चकत्यांची शक्ती ५ वॅट होती, ‘ची-२’मध्ये ती १५ वॅट झाली आणि नंतर २५ वॅटची आवृत्तीही आली. चुंबकांमुळे जुळणीचा प्रश्न बहुतांशी सुटला, फटीचा मात्र सुटलेला नाही.

नासाडी नेमकी किती, हे साध्या हिशेबाने पाहता येते. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यासाठी सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा लागते. ॲडॉप्टर, केबल आणि फोनमधील मंडले यांतील घट धरता केबलने चार्ज करताना भिंतीतील सॉकेटमधून साधारण २४ ते २६ वॅट-तास घेतले जातात, आणि चकतीवर तेच काम ३२ ते ३८ वॅट-तासांत होते. रोज एकदा पूर्ण चार्जिंग धरले तर वर्षाचा फरक तीन-चार युनिटांच्या घरात जातो आणि युनिटला दहा रुपयांच्या आसपास दर धरला तर तो तीस-चाळीस रुपये भरतो. लोखंडाचा एक टन रस करण्यासाठी चांगल्या इंडक्शन भट्टीलाही सुमारे सहाशे युनिटे लागतात; म्हणजे दीडशे-दोनशे फोनांनी वर्षभर चकतीवर केलेली उधळपट्टी एकत्र केली, तर शिरोलीत एक टन ओतीव माल निघेल. घराच्या वीजबिलाचा धाक घालून वायरलेस चार्जिंगविरुद्ध बोलणाऱ्यांचा मुद्दा त्यामुळे लंगडा पडतो. त्याहून वजनदार मुद्दा आहे तो वाया गेलेली ही ऊर्जा जाते कोठे, हा. ती उष्णता होऊन चकतीत आणि फोनच्या पाठीत उतरते, आणि फोनच्या पाठीला लागूनच बॅटरी असते.

लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे द्रव माध्यमातून प्रवास करतात आणि तेथील ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. या मूळ क्रियेबरोबर काही नको असलेल्या रासायनिक क्रियाही अगदी संथपणे चालू असतात, त्यांत थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते आणि बॅटरीची धारणक्षमता घटत जाते. तापमान वाढले की या क्रियांना वेग येतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहिली तर तो आणखी वाढतो. म्हणूनच बॅटरीचे तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले की बहुतेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भाइतका कडक नसला, तरी दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतील चार्जिंगची चकती, तिच्यावर जाड कव्हरसह ठेवलेला फोन आणि त्याच फोनवर चालू असलेला रस्त्याचा नकाशा, हा तिहेरी ताप बॅटरीला कोठेही मानवत नाही. मोटारीत चकतीची सोय फुकट मिळाली म्हणून ती दुपारी वापरलीच पाहिजे असे नाही.

केबलच्या बाजूने बोलताना तिलाही निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. १०० वॅटच्या पुढे गेलेले वेगवान चार्जिंगही उष्णता निर्माण करतेच. मात्र निर्माते ही उष्णता शक्यतो फोनबाहेर, ॲडॉप्टरमध्ये ठेवण्याचा प्रयत्न करतात, बॅटरीचे दोन भाग करून ते एकाच वेळी भरतात, आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आली की प्रवाह कमी करतात. बॅटरी भरत आली की व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह उतरवत नेणे ही लिथियम-आयनची गरजच आहे, त्यामुळे शेवटचे वीस टक्के सर्वांनाच हळू मिळतात. वायरलेस चार्जिंगमध्ये उष्णतेचा मोठा वाटा फोनच्या आतील कॉइलीतच तयार होतो आणि तो बाहेर ढकलायला जागा नसते. ५० वॅटच्या काही वायरलेस स्टँडमध्ये चक्क पंखा बसवावा लागतो, हे या पद्धतीच्या मर्यादेचे पुरेसे बोलके प्रमाण आहे.

तारेच्या चार्जिंगची जुनी कटकट होती ती पिनांची, आणि ती आता बरीचशी संपली आहे. २०१४ मध्ये आलेला, उलटा-सुलटा कसाही लागणारा टाइप-सी जोड आज जवळजवळ सर्व नव्या फोनांत आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तो बंधनकारक केला, ॲपलने त्याआधीच २०२३ मध्ये आयफोन १५ पासून तो स्वीकारला, आणि भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. वारंवार काढ-घाल केल्याने फोनचे छिद्र ढिले होते, ही चकतीच्या समर्थनात हमखास सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच खरी आहे. टाइप-सी जोड दहा हजार वेळा जोडता यावा अशा अपेक्षेने घडवलेला असतो, म्हणजे दिवसातून तीन वेळा लावला तरी नऊ वर्षे होतात. जोड बहुधा खराब होतो तो तार तिरकी ओढल्याने, फोन चार्जिंगला लावून वापरताना पडल्याने, किंवा छिद्रात धागे आणि धूळ दाबली गेल्याने.

धुळीचा हा प्रश्न कोल्हापुरात थोडा वेगळा आहे. फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या खिशात मोल्डिंगची बारीक वाळू आणि लोखंडाचा कीस सहज जातो. हा कीस फोनच्या छिद्रात साचला तर जोड नीट बसत नाही आणि संपर्काच्या पट्ट्यांमध्ये आला तर धोकाही संभवतो. अशा ठिकाणी छिद्राला रबरी बूच लावून फोन चकतीवर चार्ज करणे शहाणपणाचे ठरते. अट इतकीच की चुंबकी कड्याचा चार्जर कारखान्यात नेऊ नये, कारण लोखंडाचा कीस त्याच्यावर थर करून बसतो आणि फोनच्या काचेवर ओरखडे काढतो.

पावसाचे तसेच आहे. भिजलेल्या छिद्रात केबल घातली तर पट्ट्यांवर गंज चढतो, म्हणून अनेक फोन ओल आढळताच केबलचे चार्जिंग नाकारतात. त्या वेळी पाठ कोरडी पुसून फोन चकतीवर ठेवता येतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा घरोघरचा उपाय मात्र सोडून द्यावा, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असे ॲपलनेच आपल्या ग्राहकांना सांगितले आहे. हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या ज्येष्ठांनाही छिद्र शोधण्यापेक्षा चकती सोयीची असते. मात्र हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चुंबकी चार्जर छातीपासून दूर ठेवावा. चार्जिंग चालू असताना हे अंतर किमान ३० सेंटिमीटर असावे, असे ॲपल सुचवते. बसस्थानकावरील अनोळखी यूएसबी छिद्रांतून फोनमधील माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील जनजागृती पुस्तिकेत आहे. चकतीमधून तसा धोका नसतो, पण आपला स्वतःचा ॲडॉप्टर जवळ असला तर केबललाही नसतो.

घरातील सॉकेटला वीज आहे तोवर दोन्ही पद्धतींतील निवड ही सोयीची बाब राहते आणि बॅटरी तीन-चार वर्षे टिकवायची असेल तर रोजच्या चार्जिंगला साधा मध्यम वेगाचा केबलचा चार्जर, तोही भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेला, केव्हाही सरस ठरतो. सॉकेट बंद पडले की मात्र हा प्रश्न सोयीचा उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा नदीने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या आसपास मजल मारली, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि वीजयंत्रणा बुडाल्याने शहरातील व शिरोळ-करवीर तालुक्यांतील अनेक घरे अंधारात राहिली. अशा वेळी बचाव पथकाशी, नातेवाइकांशी आणि निवारा केंद्राशी जोडणारा धागा फोन हाच असतो. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास साठवलेले असतात. केबलने त्यांतून वर सांगितलेल्या क्षमतेच्या बॅटरीचा फोन साधारण दीड वेळा भरतो, आणि तिच्याच पाठीवरच्या वायरलेस चकतीने जेमतेम एकदा. एरवी वर्षाला तीस-चाळीस रुपयांची असलेली नासाडी पुरात अर्ध्या चार्जिंगची होते. पंचगंगा, कृष्णा, वारणा यांच्या काठच्या घरांनी जून उजाडण्यापूर्वी पॉवर बँक पूर्ण भरून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हाताशी ठेवावी आणि तिच्याबरोबर एक आखूड, जाड केबल ठेवण्यास विसरू नये. चकती घरी राहिली तरी चालेल.